जड लोखंड, लहान आग

स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात आणि मंद धगीवर मांस सावकाश शिजवायचं यंत्र, विकत घेताना मी आधी वजनाचा आकडा पाहिला. जाळीची लांबी-रुंदी, तापमापकाची तबकडी, चाकं, बाजूची फळी, हे सगळं नंतर. लोखंड कुठे घातलंय आणि कुठे वाचवलंय ते रंगाखाली झाकता येतं, काट्यावर झाकता येत नाही. ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा ४७ किलो भरतो. मी शोधत होते तो ऑफसेट स्मोकर. मांसासाठी आडवं नळकांडं, त्याच्या एका टोकाला जरा खालच्या अंगाला फायरबॉक्स, म्हणजे आग पेटवायची पेटी, आणि दुसऱ्या टोकाला धुरांडं. जाड पत्र्याचा, परसात ठेवण्याजोगा असा स्मोकर ३०० किलोंच्या आसपास सहज जातो. हुबेहूब तसाच दिसणारा २ मिलिमीटर पत्र्याचा स्मोकर दोन माणसं उचलून घरी नेतात. फोटोत दोघांमधला फरक कळत नाही. तो आग पेटल्यावर कळतो.

लाकडाची आग कधीच एकसारखी जळत नाही. नवं लाकूड टाकलं की आधी ती दबते, मग ज्वाळा धरते, मग भडकते, मग निखाऱ्यांवर येते. या सगळ्या चढउतारात मांसाला मात्र तासन्‌तास ११० ते १३० अंश सेल्सियसच्या मधली धग हवी असते. घागरीत तांब्याभर पाणी ओतलं तर पातळी चढलेली दिसते, विहिरीत ओतलं तर पत्ताही लागत नाही. पातळ पत्रा आणि जाड पत्रा यांच्यातही हेच अंतर आहे. पातळ पत्र्याच्या स्मोकरमध्ये आग भडकली की काटा लगेच वर पळतो, झाकण उघडलं की कोसळतो. जाड लोखंड आगीचा जोर स्वतःत घेतं आणि सावकाश परत देतं. झाकण बंद केल्यावर आतली हवा पुन्हा तापते ती बरीचशी त्या भिंतींच्या जोरावर.

मी एकदा कागदावर हिशोब करून पाहिला. एक किलो पोलाद एका अंशाने तापवायला साधारण अर्धा किलोज्यूल उष्णता लागते. ३०० किलो पोलाद २० अंशांवरून १२० अंशांवर न्यायचं तर १५,००० किलोज्यूल. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून साधारण तेवढीच उष्णता निघते. प्रत्यक्षात मात्र एका किलोत भागत नाही. बरीच उष्णता धुरांड्यातून निघून जाते, काही बाहेरच्या अंगाने हवेत जाते. त्यामुळे स्वयंपाकाला हात लावण्याआधीच तास-सव्वा तास आणि बरंच सरपण नुसतं लोखंडाला द्यावं लागतं. ज्याला कामावरून आल्यावर अर्ध्या तासात जेवण हवं, त्याने या वाटेला जाऊ नये. हे मी मनापासून सांगते.

जाड लोखंड उष्णता बाहेर जाऊ देत नाही, असा समज पुष्कळांचा असतो. लोखंड उष्णता साठवतं खरं, पण अडवत नाही. अडवायची असेल तर दुहेरी पत्रा घेऊन मध्ये खनिज लोकर भरावी लागते, किंवा कामाडो या अंड्याच्या आकाराच्या भट्टीसारखी सिरॅमिकची जाड भिंत लागते. असे स्मोकर मूठभर कोळशावर रात्र काढतात आणि उत्तम शिजवतात. मग मी तसा का नाही घेतला? कारण त्यांना उष्णता इतकी कमी लागते की आतली आग कायम कोंडून ठेवावी लागते. कोळसा कोंडलेला सोसतो. लाकूड सोसत नाही, ते घुसमटून धुमसतं आणि कडवट धूर सोडतं. ऑफसेटचं उघडं लोखंड सारखी उष्णता गमावत असतं, म्हणून त्याला सारखी जिवंत, ज्वाळेची आग लागते आणि तिच्यातून हवा मोकळी वाहत राहते. म्हणजे ज्याला आपण वाया गेलेली उष्णता म्हणतो, तिच्याच बळावर लाकूड स्वच्छ जळतं. हे उमगलं त्या दिवशी माझा निर्णय झाला. पेलेट, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या जाळणारे, विजेवर स्वतःच तापमान सांभाळणारे स्मोकरही मी पाहिले होते. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये ज्यो ट्रेगर यांनी ते आणले आणि असंख्य घरांत त्यांनी सोय केली. मला सोयीपेक्षा आगीशेजारचे तास हवे होते.

या यंत्राचा वंश पाहिला तर त्याचं जडपण जास्त समजतं. अमेरिकेच्या दक्षिणेत जमिनीत चर खणून, त्यात लाकडाचे निखारे करून, वर अख्खं जनावर रात्रभर भाजायची रीत होती. त्या चरांशेजारी रात्र जागवणारे हात बहुतेक गुलामगिरीत अडकलेल्या कृष्णवर्णीयांचे होते. बार्बेक्यूचं कौशल्य त्यांनी घडवलं आणि नाव बराच काळ दुसऱ्यांचं झालं. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक खाटिकांनी आपल्या दुकानांमागे विटांच्या लांब भट्ट्या बांधल्या. तिथल्या लॉकहार्ट गावातलं क्रॉइझ मार्केट हे असंच दुकान १९०० सालापासूनचं. पुढे खनिज तेलाच्या मुलखातल्या वेल्डरांच्या हाताशी जाड पाइप आणि निकामी टाक्या होत्या. त्यांनी विटांच्या भट्टीची रचना लोखंडात उतरवली. आजही मोठ्या खानावळींचे स्मोकर प्रोपेनच्या जुन्या टाक्यांपासून बनतात. ५०० गॅलनची, म्हणजे जवळजवळ १,९०० लिटरची टाकी त्यात नेहमीची. टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये २००९ साली एका ट्रेलरमधून बार्बेक्यू विकायला सुरुवात करणाऱ्या एरन फ्रँकलिन यांना २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला आणि परसात जड ऑफसेट ठेवायची हौस दूरवर पोचली. टाकीची जाडी गॅसचा दाब सोसण्यासाठी होती. ती मांसाच्या कामी आली, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

जुनी टाकी कापून घरी स्मोकर करायचा विचार असेल तर मात्र ते काम ज्याचं त्यालाच द्यावं. रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते. आत राहिलेल्या गॅसला कापणीची ठिणगी पुरते. आणि जस्ताचा मुलामा असलेला कुठलाही भाग फायरबॉक्सात नको. तापलेल्या जस्ताच्या वाफेने माणूस आजारी पडतो.

खरेदीच्या वेळी मी बॅटरी घेऊन गेले होते. आत बॅटरी ठेवून झाकण लावायचं आणि बाहेरून फटींतून उजेड कुठे येतो ते पाहायचं. थोडासा उजेड चालतो. काही दिवसांत चरबी आणि काजळी ती फट भरून काढतात. पण एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट म्हणजे झाकण वाकलंय, आणि वाकलेलं झाकण पुढे सुधारत नाही. मग वेल्डिंग आतल्या बाजूने पाहायचं, बाहेरचं घासून रंगवलेलं असतं. फायरबॉक्सात लाकूड जमिनीवर न टेकता वर राहील अशी गजांची जाळी आहे का? खालून हवा गेली नाही तर राखेतच आग गुदमरते. धुरांड्याचं आतलं तोंड मांसाच्या जाळीच्या पातळीला आहे का? ते छताला असेल तर गरम धूर वरच्या वर निसटतो. चरबी वाहून जायला भोक आहे का आणि तळ तिकडे उतरता आहे का? आतून रंग दिलेला नाही ना? विक्रेता झाकणावरच्या भल्यामोठ्या तापमापकाचं कौतुक करत होता. मला त्यात रस नव्हता. तो झाकणाच्या उंचीवरची हवा मोजतो आणि मांस असतं जाळीवर. दोन्हींत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. जाळीवर चिमट्याने लावायचा वायरचा तापमापक वेगळा घ्यावा, तो स्वस्तही असतो. आणि पैसे मोजकेच असतील तर आकाराने लहान घ्या, जाडीत तडजोड करू नका.

पैसे भरून आले त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "अगं, पण एकदा ठेवला की हा पुन्हा हलवायचा कुणी?"

"कुणीच नाही," मी म्हटलं, "म्हणून आधी जागा ठरवू."

जागा ठरवण्यात जितका वेळ गेला तितका खरेदीतही गेला नव्हता, आणि तो सत्कारणी लागला. परसात काठीला फडकं बांधून वारा बहुतेक वेळा कुठून येतो ते आम्ही पाहत राहिलो. वारा थेट फायरबॉक्सच्या तोंडात घुसला की आग हातात राहत नाही. धुरांड्यावर उलटा आला तर धूर मागे फिरतो. वारा आडवा मिळाला की बरं. घराची भिंत, लाकडी कुंपण, छपराची वळचण यांपासून किमान तीन मीटर अंतर आम्ही धरलं. वर झाडाची फांदी नको. लाकडी ओट्यावर तर नकोच, वजनासाठीही आणि ठिणगीसाठीही. शिवाय शेजाऱ्यांच्या खिडक्या. दिवसभर चालणारा धूर ही आपली हौस असते, त्यांची नसते. शेजारी जाऊन आधी बोललो, कुठल्या दिवशी कपडे बाहेर वाळत असतात ते विचारलं. ते विचारल्यामुळे जागा दोन पावलं मागे सरकली. बंदिस्त गॅरेज किंवा पडवी हा पर्यायच नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि निखारे विझत आल्यावरही तो निघत राहतो.

मग पायाचं काम. हिरवळीवर ३०० किलो चार पायांवर उभे केले तर पहिल्या पावसात एक पाय खचणार हे नक्की. वीतभराहून अधिक माती काढली, खडी पसरली, धुम्मसाने चोपून घट्ट केली आणि वर १० सेंटिमीटरचा काँक्रीटचा कोबा घातला. पाणी साचू नये म्हणून अगदी किंचित उतार दिला. काँक्रीटला पूर्ण ताकद येण्यासाठी २८ दिवस धरतात. वजन त्याआधीही टाकता येतं, पण आमच्या स्मोकरला यायला अवकाश होता, म्हणून कोबा पाणी मारत निवांत मुरू दिला. फायरबॉक्सच्या खाली भट्टीच्या विटांचा एक थर ठेवला, कारण काँक्रीटवर निखारा पडला की आतल्या ओलाव्याची वाफ होऊन टवके उडू शकतात.

स्मोकर आला तेव्हा ट्रकच्या मागच्या लिफ्टने तो बांधलेलं लाकडी पॅलेट खाली उतरलं आणि रस्त्याच्या कडेला राहिलं. तिथून परसापर्यंतचं काम आपलं. दोन मित्र आले होते, दोघांची कंबर धड राहावी एवढीच माझी इच्छा होती. निघण्यासारखं सगळं आधी काढलं. जाळ्या, धुरांडं, फायरबॉक्सचं दार. वाटेवर जाड प्लायवुडच्या फळ्या टाकल्या, त्यांवर लोखंडी पाइपचे तुकडे. पहारीने एक टोक उचलायचं, टेकू सारायचा, पाइप सरकवायचा, मग दुसरं टोक. ढकलायला जोर फार लागत नाही, थांबवायला लागतो. म्हणून उताराच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही आणि हुकूम एकानेच द्यायचा, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. कोब्यावर आल्यावर पाणसळ ठेवून पायांखाली पोलादी पट्ट्या सारल्या आणि चरबीच्या भोकाकडे अगदी हलका कल ठेवला. सगळं हातांनी झालं. क्रेन नाही, घाई नाही. मित्र घामाने निथळत कोब्याच्या कडेवर बसले आणि सरबताचा जग बघता बघता रिकामा झाला.

त्या दिवशी काही शिजवायचं नसतं. नव्या लोखंडावर कारखान्यातलं तेल आणि घाण असते. आतून धुतलं, पुसलं, लहान आग करून वाळवलं, मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला. तेल जाड लावलं की चिकट थर होतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. त्यानंतर आग हळूहळू वाढवत नेली आणि काही तास १३० अंशांच्या आसपास ठेवली. या धगीत तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने, आणि कोरडा, कठीण, काळसर लेप तयार होतो. गंजाला अडवतो तो हा लेप, रंग नव्हे. बाहेरचा उष्णतारोधक रंग फायरबॉक्सवर फार टिकत नाही, तिथे कधीमधी तेलाचं फडकं फिरवावं लागतं. मला ते काम आवडतं. लोखंड कोमट असताना फडकं फिरवलं की तेल जिरताना दिसतं.

मग जाळीची ओळख करून घ्यायची. कुठलाही ऑफसेट टोकापासून टोकापर्यंत सारखा तापत नाही. फायरबॉक्सकडची बाजू कडक असते. धुरांड्याच्या तोंडाशी हवेचा ओघ वेगवान. जाळीभर ब्रेडचे काप मांडले, झाकण लावलं आणि थोड्या वेळाने उघडलं. कुठला काप काळा, कुठला सोनेरी, कुठला अजून पांढरा, यात सगळा नकाशा समोर आला. त्याचा फोटो मी शेडच्या दाराला लावून ठेवलाय.

आणि आग. आधी कोळशाचा बिछाना, त्यावर फाडलेलं लाकूड, मनगटाएवढं जाड, हातभर लांब. ओक, हिकरी, सफरचंद, चेरी, कुठलंही कठीण लाकूड चालतं. पाइनसारखं राळेचं नको. पुढचं लाकूड फायरबॉक्सच्या माथ्यावर तापत ठेवायचं, म्हणजे आत टाकताच पेट घेतं, धुमसत नाही. धुरांड्याची झडप पूर्ण उघडी. धग कमी-जास्त करायची ती आग लहान-मोठी करून. हवा कोंडून करू नये. साधारण अर्ध्या-पाऊण तासाला एक लाकूड. नजर काट्यावर ठेवण्यापेक्षा धुराच्या रंगावर ठेवलेली बरी. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड अर्धवट जळतंय आणि मांस कडवट होणार. चांगल्या आगीचा धूर जेमतेम दिसतो, निळसर. त्याचे कण इतके बारीक असतात की निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं तेही अशाच विखुरण्याने. लाकडातलं लिग्निन फुटून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं निघतात. धुराची जी चव आणि जो वास आपण म्हणतो तो मुख्यतः त्यांचा.

पहिल्यांदा शिजवला तो डुकराचा खांदा, कारण तो चुकीला जागा देतो. मिठाशिवाय फारसं काही लावलं नाही. सकाळी उजाडायच्या आधी आग पेटवली. मांसाच्या आतलं तापमान ६५ अंशांच्या पुढे गेल्यावर ते अडलं आणि तासन्‌तास हललं नाही. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने याचं कारण दाखवून दिलंय. पृष्ठभागावरून पाणी वाफ होऊन जात असतं आणि त्याने होणारा गारवा आगीच्या धगीशी बरोबरी करतो. घाम येऊन अंग थंड होतं तोच प्रकार. या टप्प्यावर आग वाढवायचा मोह होतो. वाढवू नये. जाड लोखंड इथे मोठा आधार देतं, कारण तापमान ढळत नसतं आणि आपल्याला करण्यासारखं काही उरत नाही. हवं तर कागदात गुंडाळावं, बाष्पीभवन थांबतं आणि काटा पुन्हा चढतो. मी गुंडाळलं नाही. मला बाहेरची साल कुरकुरीत हवी होती. ९५ अंशांच्या सुमाराला सळई लोण्यात गेल्यासारखी आत गेली. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन झालेलं असतं, आणि त्याला धगीइतकाच वेळ लागतो. कापल्यावर सालीखाली गुलाबी कडं दिसलं. धुरातल्या नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडने मांसातला रंग धरून ठेवला होता. कड्याला चव नसते, पण ते पाहिल्यावर मला झालेला आनंद काही खोटा नव्हता.

हे रोज खायचं अन्न नाही, हेही सांगायला हवं. धुरात कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्यं असतात, स्वच्छ आगीत ती कमी होतात, पण नाहीशी होत नाहीत. आमच्याकडे स्मोकर पेटतो तो माणसं जमणार असतील तेव्हा. एवढं लोखंड दोघांसाठी तापवण्यात तसाही अर्थ नाही. लोक सकाळपासून यायला लागतात, कारण जेवण संध्याकाळी असलं तरी आग सकाळी असते. लाकूड कधी टाकायचं यावर दोन मतं होतात. लहान मुलांना कोब्याच्या आत पाऊल टाकायला बंदी आहे. फायरबॉक्सचा स्पर्श क्षणात कातडी सोलतो. राख दुसऱ्या दिवशी काढतो, तीही झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, कारण निखारा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो. राख आत तशीच ठेवली तर ओलावा धरते आणि फायरबॉक्सचा तळ गंजून खाते. जड स्मोकर मरतो तो बहुतेक असाच, तळातून.

आता खरं काम लाकडाचं आहे. जाळायच्या लाकडात २० टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा. ताज्या तोडलेल्या कठीण लाकडाला तिथवर यायला सहा महिने ते वर्ष, ओकला त्याहूनही जास्त. शेडखाली आम्ही दोन रांगा केल्या आहेत, जमिनीपासून उचलून, कापलेली तोंडं वाऱ्याकडे, वर झाकण पण बाजू मोकळ्या. एक रांग या हंगामाची. दुसरीतला ओक नुकताच फाडलाय, ओलावा मोजायच्या काट्यावर तो अजून ३० च्या पुढे दाखवतो, आणि त्या रांगेला पुढच्या वर्षाआधी हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.